अण्णांचा टर्न संपेना

पत्र : दर रविवारी दुपारी जुळे सोलापुरात अण्णांच्या हॉलमध्ये आम्ही चौघं 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळातला कमांडर हा प्रकार खेळतो. कधीकधी पाचवाही येतो. पण हल्ली घरी जाताना मजा कमी आणि डोकेदुखी जास्त. अण्णांचा एक टर्न पंधरा मिनिटं चालतो. ते वयानं मोठे, घर त्यांचं, चहा वहिनींचा, मग बोलणार कोण? आतेभाऊ हरायला लागला की ऐन हल्ल्यात कार्डं गोळा करून उठतो. कॉलेजातला एक पोरगा आपल्या पत्त्यांच्या संचाला 'साधाच डेक आहे' म्हणतो आणि पाचव्या टर्नला सगळ्यांना झोपवतो. खेळलेलं कार्ड परत उचलणं आणि 'एक देतोस का, एक देतोस का' ही भुणभुण वेगळीच. मी स्वतः कुणाला त्रास देत नाही. उलट हल्ला कुणावर करायचा हे कुणाचं चुकत असेल तर सांगतो. ग्रुप सोडावा का? — कंटाळलेला भिडू

उत्तर :

ग्रुप सोडू नका. तुमच्या पत्रातल्या बहुतेक तक्रारी हॉलमध्ये बसल्या बसल्या सुटणाऱ्या आहेत. एक मात्र तुमच्याबद्दलच आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

आधी हिशेब. कमांडरमध्ये प्रत्येकाचा १०० कार्डांचा डेक (त्यातलं कमांडर हे एक कार्ड बाजूला ठेवायचं, पिसायची ती ९९), साध्या लँड (बाकीची कार्डं खेळायला लागणारा माना देणारी कार्डं) सोडल्या तर एकही कार्ड दोनदा नाही, सुरुवातीला ४० लाइफ (ते संपले की बाद) आणि जो तो सगळ्यांविरुद्ध. मेंढीकोटात काही सेकंदांत पुन्हा आपली पाळी येते. इथे चौघांच्या टेबलावर तीन टर्न नुसतं बघत बसायचं असतं. डाव दहा फेऱ्यांचा धरा. प्रत्येकानं दोन मिनिटांत टर्न उरकला तर डाव ८० मिनिटांत संपतो. आता तिघं दोन मिनिटांचे आणि अण्णा पंधरा मिनिटांचे धरा : साठ मिनिटं तिघांची मिळून आणि दीडशे मिनिटं एकट्या अण्णांची. साडेतीन तासांच्या डावात अडीच तास अण्णा खेळले आणि तुम्ही पंख्याकडे बघत बसलात. कंटाळा आला नसता तरच नवल.

पण अण्णा मुद्दाम वेळ काढत नाहीत. असे पंधरा मिनिटांचे टर्न उलगडून पाहिले तर त्यात विचार बहुधा थोडाच निघतो. बाकीचा वेळ डेकमध्ये कार्ड शोधण्यात आणि पिसण्यात जातो, आणि तिथेच इलाज सोपा आहे.

एव्हॉल्व्हिंग वाइल्ड्ससारखी लँड घ्या. ती टॅप करून (आडवी करून) सॅक्रिफाइस केली, म्हणजे टाकून दिली, की डेकमधून एक साधी लँड शोधून टॅप अवस्थेत मांडता येते, मग डेक पिसायचा. बहुतेक जण हे आपल्याच टर्नला करतात : टर्न थांबतो, डेक चाळला जातो, 'आयलंड घेऊ की फॉरेस्ट?' होतं, पुन्हा पिसणं होतं. हेच काम आधीच्या खेळाडूचा टर्न संपता संपता केलं तर नियमात बसतं, आणि फायदाही असा की टॅप होऊन आलेली ती लँड अण्णांच्या टर्नच्या सुरुवातीला उभी होते, म्हणजे लगेच वापरता येते. एव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स आधीच्या टर्नपासून टेबलावर हवी, इतकीच अट. हे अण्णांना 'वेळ वाचवा' म्हणून सांगू नका. 'अण्णा, असं केलं तर एक माना जास्त मिळतो' म्हणून सांगा. मोठ्या माणसाला घाई करा म्हणणं अवघड असतं, चाल सुचवणं सोपं असतं.

डेकमधून लँड शोधणाऱ्या कल्टिव्हेटसारख्या स्पेलला (माना देऊन खेळायच्या कार्डाला) ही सोय नाही, ते आपल्याच टर्नला खेळावं लागतं. तिथे पद्धत अशी ठरवा : कोणत्या लँड हव्यात ते आधी तोंडानं सांगायचं, डेक उचलायचा, त्या काढायच्या, टेबलावर ठेवायच्या, उरलेला टर्न पूर्ण करायचा आणि पिसणं पुढच्याच्या टर्नमध्ये चालू ठेवायचं. मधेच अण्णांना कार्ड ओढायची वेळ आली तरच सगळ्यांनी थांबायचं. सुरुवात तुम्हीच करून द्या. 'अण्णा, तुम्ही पिसत राहा, तोवर मी खेळतो' एवढं एक वाक्य रविवारी चार वेळा म्हटलं तरी सवय लागते.

पिसण्याबद्दल आणखी एक. पुष्कळ जण टेबलावर सात ढीग मांडून एकेक कार्ड वाटतात आणि मग ढीग एकावर एक ठेवून 'नीट पिसलं' म्हणतात. ते पिसणं नव्हे, ती मोजणी आहे. ९९ कार्डं आहेत की नाहीत हे बघायला ठीक, पण दोन मिनिटं जातात आणि क्रम पुरेसा विस्कटत नाही. डेकचे दोन भाग करा, एका भागाची कडा दुसऱ्याच्या कडेत अलगद दाबून आत सरकवा. असं सात-आठ वेळा करा आणि शेजाऱ्याकडून काटून घ्या. दुहेरी स्लीव्ह (कार्डावरची प्लास्टिकची पाकिटं) घातल्या असतील तर ९९ कार्डांचा गठ्ठा एका हातात मावत नाही. मग आधी अर्धा, नंतर दुसरा अर्धा, शेवटी दोन्ही मिळून पिसा.

आता खरा विचार. तो वाचवायचा तर दुसऱ्यांच्या टर्नमध्ये करायला हवा, आणि त्यासाठी समोर काय चाललंय ते कळायला हवं. दोष इथे सगळ्या टेबलाचा असतो. कुणी रील बघत असतो, कार्ड पडल्यावर मान वर करून 'काय केलंस? हे काय करतं?' विचारतो आणि सगळं पुन्हा सांगावं लागतं. कार्डावरचं बारीक इंग्रजी टेबलाच्या पलीकडून वाचता येत नाही हेही खरं. म्हणून कार्ड टाकताना तीन गोष्टी मोठ्यानं म्हणायची सवय लावा : नाव, ते काय करतं आणि कुणावर. 'सोर्ड्स टू प्लाउशेअर्स, अण्णांचं ड्रॅगन हद्दपार, त्याच्या ताकदीइतके लाइफ अण्णांना.' एवढं झालं की फोनमध्ये गुंतलेल्यालाही कळतं. सेन्सेईज डिव्हायनिंग टॉप कुणाच्या डेकमध्ये असेल तर त्याच्यासाठी स्वतंत्र तह करा : एक माना देऊन वरची तीन कार्डं बघून हवी तशी लावायचं काम फक्त आपल्या टर्नच्या अगदी आधी, एकदाच. नाहीतर तो माणूस दर टर्नला तीच तीन कार्डं पुन्हा पुन्हा बघत बसतो. टायमर लावायची घाई करू नका. यजमानासमोर घड्याळ ठेवणं म्हणजे सरळ अपमान. अगदीच लावायचं झालं तर सगळ्यांसाठी आणि तेही महिनाभरानंतर.

आतेभाऊ.

याला आपल्याकडे रडीचा डाव म्हणतात, पण नियमावली त्याच्या बाजूनं आहे. १०४.३ए या नियमानुसार कोणताही खेळाडू कधीही डाव सोडू शकतो. तो गेला की त्याच्या मालकीची सगळी कार्डं त्याच्याबरोबर जातात. दोघांच्या डावात यानं काहीच बिघडत नाही. चौघांच्या डावात बिघडतं, ते असं : तुमच्या लाइफलिंकवाल्या (जेवढं डॅमेज देईल तेवढे लाइफ मालकाला), १० ताकदीच्या क्रीचरनं (लढणाऱ्या कार्डानं) आतेभावावर हल्ला केला. त्याचे ९ लाइफ उरलेत. डॅमेज पडलं असतं तर तो बाद आणि तुम्हाला १० लाइफ. तो डॅमेजच्या आधी उठला, तर डॅमेज पडायला समोर कुणीच नाही. तुम्हाला लाइफ शून्य, 'डॅमेज दिल्यावर कार्ड ओढा' असलं काही असेल तर तेही नाही, क्रीचर टॅप झालेलं, आणि पुढच्याच टर्नला कॉलेजवाला तुमच्यावर येणार. तुम्ही त्याचं एखादं क्रीचर पळवलं असेल तर तेही त्याच्याबरोबर नाहीसं होतं. हरता हरता तो एकट्या तुम्हाला मारून जातो.

बऱ्याच टेबलांवर चालणारा घरचा नियम असा : डाव सोडायचा तर आपल्या टर्नला आणि काही अर्धवट चालू नसताना. कुणाला खरोखरच घरून फोन आला आणि उठावं लागलं, तर तो तिथे बसलाय असं धरून चालू टर्न पूर्ण करायचा. हल्ल्याचं लाइफ मिळतं, ट्रिगर (काही घडलं की आपोआप लागू होणारे परिणाम) मिळतात, पळवलेलं क्रीचर त्या टर्नपुरतं राहतं आणि मग त्याची कार्डं उचलायची. हे अधिकृत नियमात नाही, म्हणून डाव सुरू होण्याआधी सगळ्यांनी 'हो' म्हटलेलं असलं पाहिजे. हल्ला चालू असताना सांगितलंत तर भांडण ठरलेलंच.

तो का उठतो, हेही बघा. चौघांच्या डावात पहिला बाद होणारा पुढचा तास-दीड तास इतरांचं तोंड बघत बसतो. म्हणून चिडचिड होते. कुणी बाद झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत डाव मिटत नसेल तर उरलेल्यांनी एकमेकांना विचारावं, 'कोण जिंकतंय हे स्पष्ट आहे ना?' असेल तर हात मिळवून नवा डाव मांडा. एखाद्यानं कार्डांचं न संपणारं चक्र (एकमेकांना पुन्हा पुन्हा चालवणारी कार्डं) दाखवलं असेल, त्याला कुणाकडेही उत्तर नसेल, तर ते एकदा दाखवणं पुरे. शंभर वेळा फिरवून दाखवायची गरज नाही.

या रडीच्या डावाचा सख्खा भाऊ म्हणजे सूडाची धमकी : 'माझ्यावर आलास तर आजपासून फक्त तुझ्याच मागे लागणार.' डावात सौदा करायला हरकत नाही, तो खेळाचाच भाग आहे. पण सौदा आणि दुश्मनी दोन्ही त्या डावापुरती. मागच्या रविवारचा हिशेब या रविवारी चुकवणाऱ्याला 'का बे, नवीन डाव आहे' असं कुणीतरी एकदा स्पष्ट म्हणायला हवं. आतेभावाला ते तुम्हीच म्हणू शकता.

कॉलेजच्या पोराचं प्रकरण वेगळं. तो खोटं बोलत असेल असं नाही. 'साधा' या शब्दाला अर्थच उरलेला नाही. पूर्वी डेकची ताकद एक ते दहामध्ये सांगायची रीत होती आणि जो तो आपला डेक सात म्हणायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये मॅजिक काढणाऱ्या विझर्ड्स कंपनीनं कमांडरसाठी पाच ब्रॅकेट (डेकच्या ताकदीचे गट) आणले. 'गेम चेंजर' नावाची जड कार्डांची एक यादी आहे. पहिल्या दोन ब्रॅकेटमध्ये त्यातलं एकही चालत नाही, तिसऱ्यात तीनपर्यंत, चौथ्या-पाचव्यात हवी तेवढी. ऱ्हिस्टिक स्टडी, स्मदरिंग टाइद, डेमॉनिक ट्यूटर, सायक्लॉनिक रिफ्ट ही सगळी त्या यादीत आहेत. सोल रिंग मात्र नाही, त्यामुळे त्यावरून वाद घालू नका. सगळ्यांच्या लँड उडवणारी कार्डं तिसऱ्या ब्रॅकेटपर्यंत नकोत, आणि दोन कार्डांत न संपणारं चक्र पहिल्या दोघांत नको. पॅकबंद मिळणारा तयार डेक साधारण दुसऱ्याच्या आसपास बसतो. तिघं भिडू असे डेक घेऊन बसलेत आणि चौथा चौथ्या ब्रॅकेटचा, अशीच तुमची अवस्था दिसते.

तरी नुसतं 'ब्रॅकेट किती?' विचारून भागत नाही. एकही गेम चेंजर नसलेला डेकही पाचव्या टर्नला जिंकू शकतो. म्हणून प्रश्न असे विचारा की उत्तर आकड्यात किंवा हो-नाहीत यावं : कुणी अडवलं नाही तर कितव्या टर्नला जिंकतो? दोन कार्डांचं चक्र आहे? हवं ते कार्ड शोधून आणणारी किती कार्डं आहेत? जादा टर्न घेतो का? पोरगा 'पाचव्या-सहाव्या टर्नला' म्हणाला आणि बाकी तिघांचे डेक दहाव्याला जिंकणारे असले, तर डाव मांडायच्या आधीच कळलं. दुसरा डेक नसेल तर अदलाबदल करा. त्यानं अण्णांचा डेक खेळावा आणि अण्णांनी त्याचा. आपलाच डेक समोरून अंगावर आला की 'साधा' कशाला म्हणतात ते लवकर समजतं.

पण इथे तुम्हा तिघांनाही थोडं ऐकावं लागेल. तिघांचे मिळून १२० लाइफ आणि त्याचे ४०. तो पुढे चाललाय हे तिसऱ्या टर्नला दिसत असेल तर तिघांनी मिळून त्याला रोखणं हा खेळ आहे, कट नव्हे. डेकमध्ये दहाएक उत्तरं हवीत : सहा-सात एकेक कार्ड उडवणारी, दोन-तीन टेबलावरची सगळी क्रीचर साफ करणारी. ती नसतील तर तक्रार डेक बांधणाऱ्याबद्दल आहे. आणि कुणी तुमचं स्पेल काउंटर केलं (रद्द केलं), तुमच्या क्रीचरवर बोर्ड वाइप (सगळं साफ करणारं कार्ड) टाकला, तर त्याला त्रास म्हणू नका. ज्याची तयारी सगळ्यात पुढे, त्याला दणका बसणारच.

खेळलेलं कार्ड परत उचलणं. एकच कसोटी : मधल्या वेळात नवं काही कळलं का? चुकीच्या लँड टॅप केल्या आणि अजून कुणी काही बोललं नाही, तर उलटवू द्या. निळ्या मानासाठी आयलंड सोडायची होती आणि फॉरेस्ट सोडली, ही कुणाच्याही हातून होणारी चूक. पण कार्ड ओढलं, कुणाचं उत्तर पाहिलं, किंवा ब्लॉकर (हल्ला अडवणारी क्रीचर) ठरल्यावर 'मग हल्लाच नको' असं म्हटलं, तर परत नाही. विसरलेल्या ट्रिगरचंही तसंच : पुढच्यानं कार्ड ओढलं की गेलं. नव्या भिडूला पहिले तीन-चार डाव लिंबूटिंबू समजून सवलत द्या, आणि तसं सगळ्यांसमोर सांगून द्या. गुपचूप दिलेली सवलत बाकीच्यांना खटकते.

'एक देतोस का?' ही ऱ्हिस्टिक स्टडीची देणगी. तुम्ही स्पेल खेळलात की एक माना द्या, नाहीतर समोरच्याला एक कार्ड. चौघांच्या डावात हा प्रश्न तीस-चाळीस वेळा सहज येतो. उलटा करार करा : देणाऱ्यानं 'एक दिला' म्हणायचं. काहीच बोलला नाही तर दिला नाही, आणि मालकानं मुकाट कार्ड ओढायचं. पुढचं स्पेल पडेपर्यंत मालक ओढायला विसरला तर ते कार्ड गेलं. आणि खरं सांगायचं तर या कार्डाचा त्रास प्रश्नात नाही, उत्तरात आहे. एक जण 'नाही देत जा' म्हणून पाच कार्डं ओढू देतो आणि बाकीचे दोघं भोगतात. तीन मानाचं एन्चांटमेंट (टेबलावर टिकून राहणारं कार्ड) आहे. हिरव्या-पांढऱ्या डेकमध्ये ते उडवणारी कार्डं स्वस्तात मिळतात, प्रत्येकानं दोन तरी ठेवा.

बारीकसारीक : दुसऱ्याच्या कार्डाला विचारल्याशिवाय हात लावू नका. शेंगा चटणी आणि कडक भाकरी दोन डावांच्या मध्येच. चटणीचं तेल स्लीव्हला लागलं की दोन कार्डं एकत्र ओढली जातात आणि मग 'मुद्दाम ओढलीस' सुरू होतं. मे महिन्यात पंखा पाचवर लागणारच, तेव्हा कागदी टोकन (डेकबाहेरच्या क्रीचरसाठी मांडायच्या खुणा) नकोत. फासे वापरा, नाहीतर टोकनही स्लीव्हमध्ये घाला. चादर पसरून खेळत असाल तर उत्तम, फरशीवरून स्लीव्हवालं कार्ड नखानं उचकटावं लागतं. वाकलेलं फॉइल (चकचकीत) कार्ड डेकमध्ये पाठीमागूनही ओळखू येतं, ते सपाट करा नाहीतर काढा. झेरॉक्स कार्ड वापरायचं तर आधी सांगा, आणि ६३ बाय ८८ मिलिमीटरचा कागद खऱ्या कार्डावर ठेवून स्लीव्हमध्ये घाला. नुसता कागद घातला तर हाताला पातळ लागून कळतो.

आता तुम्ही. 'कुणावर हल्ला करायचा ते सांगून मदतच करतो' असं तुम्ही लिहिलंय. टेबलावरच्या सगळ्यात चिडचिड्या सवयींत ही वरच्या क्रमांकाची आहे, आणि करणाऱ्याला ती मदत वाटते म्हणून सुटायला अवघड. तुम्ही अण्णांना 'त्याच्यावर जा' सांगता तेव्हा तिसऱ्याला कळतं की तुमच्यावर येऊ नये म्हणून तुम्ही सांगताय. नव्याला मदत करायची तर तो विचारेल तेव्हाच, आणि नियम सांगा, चाल नको. 'या क्रीचरला ब्लॉक करता येत नाही' हे सांगणं ठीक. 'मग त्याच्याकडे टाक' हे तुमचं काम नाही. अण्णांचा टर्न लांबण्यात तुमच्या सल्ल्यांचाही वाटा असणार. त्यांनी विचार करून ठरवलेलं तुम्ही मोडता आणि ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. एक रविवार दुसऱ्याच्या टर्नमध्ये विचारल्याशिवाय अक्षर बोलू नका आणि अण्णांचा टर्न किती मिनिटांचा झाला ते मनात मोजा.

पाचवा आला की पाच जणांचा एक डाव मांडू नका. चार टर्नची वाट बघणं कुणालाच झेपत नाही. गोलात बसा आणि असं ठरवा : शेजारचे दोघं आपले, समोरचे दोघं शत्रू. ते दोन्ही शत्रू बाद झाले की तुम्ही जिंकलात, बाकी कोण उरलंय ते बघायचं नाही. डाव बराच लवकर मिटतो. सहा जण जमले तर तिघा-तिघांची दोन टेबलं मांडा. अण्णांकडे दुसरं टेबल नसेल तर फरशीवर दुसरी चादर.